मुलीच्या कामाचं ‘राष्ट्रीय महत्त्व’ कसं मांडायचं?

सांगलीच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. मुलगी अमेरिकेत ओहायोमध्ये एमएस करून तिथेच एका सल्लागार कंपनीत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काम करते. तलावातल्या विषारी शेवाळाची सूचना पाणीशुद्धीकरण केंद्राला आधीच मिळावी, यासाठीची पद्धत तिने बसवली आहे. ग्रीन कार्डासाठी तिने ‘ईबी-टू एनआयडब्ल्यू’ या वर्गात, म्हणजे काम देशहिताचं असेल तर नोकरीच्या ऑफरची अट माफ होते त्या वर्गात, स्वतःच अर्ज केला. आता नोटीस आली आहे : कामाचं राष्ट्रीय महत्त्व सिद्ध झालेलं नाही. वडील विचारतात, “आठ शिफारसपत्रं जोडली होती, आणखी किती जोडायची? एक एजंट ३ लाखांत दोन शोधनिबंध आणि एक पुरस्कार मिळवून देतो म्हणतो. घ्यावं का?”

नमस्कार,

आधी एजंटाचं. त्याला आजच्या आज नाही म्हणून कळवा. अर्ज दाखल झाला त्या दिवशी उमेदवार पात्र होता का, एवढंच तिथे पाहिलं जातं. नंतर छापलेल्या निबंधाने त्या दिवशीची पात्रता वाढत नाही. शिवाय विकत घेतलेला पुरस्कार उघडकीला आला आणि ती फसवणूक ठरली, तर अमेरिकेत जन्मभराची प्रवेशबंदी येऊ शकते. तुमच्या लेकीने इतक्या वर्षांत प्रामाणिकपणे जे उभं केलं, ते यापायी पणाला लावू नका.

आता नोटिशीबद्दल. तिला ‘आरएफई’ म्हणतात, म्हणजे आणखी पुरावा द्या असं सांगणारं पत्र. तो नकार नव्हे. घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

या वर्गाचे अर्ज २०१६ च्या डिसेंबरपासून ‘धनसर’ प्रकरणातल्या निकालाप्रमाणे तपासले जातात. कसोट्या तीन. हाती घेतलेलं काम मोलाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं हवं. ते पुढे नेण्याची उमेदवाराची तयारी दिसायला हवी. आणि नोकरीची ऑफर व कामगार खात्याचा दाखला, म्हणजे ज्याला ‘पर्म’ म्हणतात तो, या अटी तिला माफ करणं एकंदरीत देशाच्या फायद्याचं असायला हवं. तुमची आठही पत्रं मी वाचली. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, तिच्यासारखी माणसं विरळा, असं सगळ्यांनी मनापासून लिहिलंय. पण ही दुसऱ्या कसोटीची शिदोरी झाली. अडलंय पहिल्या कसोटीवर, आणि तिथे प्रश्न मुलीबद्दलचा नाहीच. तिचं काम तिच्या कंपनीच्या आणि गिऱ्हाइकांच्या पलीकडे कुणाच्या उपयोगी पडणार, एवढंच अधिकारी विचारतोय.

खुद्द धनसर प्रकरणातच हा फरक दिसतो. अर्जदार विमान आणि अवकाश तंत्रज्ञानातला संशोधक होता आणि शिकवतही होता. त्याच्या संशोधनाला राष्ट्रीय महत्त्व आहे असं ठरलं. शिकवणं मोलाचं मानलं, पण त्याचा परिणाम वर्गाबाहेर एकूण शिक्षणक्षेत्रावर कसा होईल हे दिसलं नाही, म्हणून ते त्या कसोटीला उतरलं नाही. क्षेत्र महत्त्वाचं असून भागत नाही, ते यामुळेच.

तुम्ही पाठवलेल्या तिच्या निवेदनाचं पहिलं वाक्य असं आहे : ‘मी पर्यावरण अभियंता म्हणून काम करत राहीन आणि अमेरिकेतल्या पाण्याचा दर्जा सुधारण्यास हातभार लावीन.’ हे कुठल्याही पर्यावरण अभियंत्याला लिहिता येईल. खरी गोष्ट चौथ्या पानावर एका ओळीत दडली आहे : इतर केंद्रांनाही वापरता यावी म्हणून ती या पद्धतीची कार्यपुस्तिका तयार करते आहे आणि ती सर्वांना खुली ठेवणार आहे. ही ओळ वाचून मी थांबलो. हेच तिचं काम. ते पहिल्या पानावर यायला हवं.

त्याला आधार कशाचा द्यायचा? ओहायोतल्याच टोलेडो शहराचा. तुमची मुलगी तिकडेच असल्याने ती हे जाणून असणार. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ईरी सरोवरातल्या शेवाळाचं विष, मायक्रोसिस्टिन, शहराच्या शुद्ध केलेल्या पाण्यात सापडलं. सुमारे दोन-तीन दिवस जवळपास पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. ते उकळूही नका, असं बजावलं होतं. तुमची सगळी नोकरी पाण्यात गेली, तुम्हाला कारण लगेच कळेल : उकळल्याने हे विष मरत नाही, पाणी आटून उलट दाट होतं. जॅकवेलपाशीच, म्हणजे तलावातलं पाणी जिथून उचलतात तिथेच, पाणी आत घेण्याआधी इशारा मिळणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला सांगायला नको. त्यानंतरच्या वर्षी, २०१५ मध्ये, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या विषासाठी पिण्याच्या पाण्यातल्या सल्लामर्यादा जाहीर केल्या : शाळेच्या वयाखालच्या लहान मुलांसाठी लिटरमागे ०.३ मायक्रोग्रॅम, त्यापुढच्या सगळ्यांसाठी १.६. २०१८ ते २०२० दरम्यान देशभरातल्या निवडक पाणीपुरवठा यंत्रणांना शेवाळाच्या विषांची तपासणी करायला लावली. या शेवाळावर संशोधन आणि नियंत्रणासाठी स्वतंत्र कायदा तर १९९८ पासूनच आहे.

हे कागद प्रश्न देशाचा आहे एवढं दाखवतात. त्याच्यापुढे तिची पद्धत यायला हवी : किती तास आधी इशारा मिळाला, कुठे तपासून पाहिलं, दुसरं कुठलं केंद्र ती वापरू पाहतंय. तिला व्यक्तिशः न ओळखणाऱ्या एखाद्या केंद्रप्रमुखाने ‘आम्ही हे आमच्याकडे असं वापरू’ असं दोन परिच्छेदांत लिहून दिलं, तर त्या आठ पत्रांपेक्षा ते वजनदार ठरेल. काम एकाच राज्यात चाललं आहे याची भीती बाळगू नका. नकाशावर ते किती पसरलंय यावर महत्त्व ठरत नाही.

एक मात्र सांभाळा. उत्तर देताना नवीनच काम पुढे करता येत नाही. मूळ अर्जात जे आहे तेच उलगडून सांगायचं. कार्यपुस्तिकेची ती ओळ आधीपासून अर्जात आहे, हे आपलं नशीब. मी वकील नाही, त्यामुळे अंतिम मसुदा एखाद्या इमिग्रेशन वकिलाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, पुढच्या दिवाळीपर्यंत ग्रीन कार्ड होईल का. नाही होणार, आणि हे आत्ताच सांगितलेलं बरं. अर्ज मंजूर झाला तरी भारतात जन्मलेल्यांची या वर्गातली रांग दहा वर्षांहून लांब आहे, कारण कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातला साधारण ७ टक्केच वाटा मिळतो. पण मंजुरीने रांगेतली तिची तारीख पक्की होते, सहा वर्षांनंतरही एच-वन-बी वाढवून मिळतो आणि नोकरी बदलली तरी ही तारीख तिच्याकडेच राहते. मुलीच्या मनावरचं अर्धं ओझं तिथेच उतरेल. कंपनी ‘पर्म’ करायला तयार असेल तर तेही समांतर सुरू करायला सांगा.

नोटिशीवर शेवटची तारीख छापलेली असते. त्या तारखेला उत्तर कार्यालयात पोचलेलं असावं लागतं, नुसतं टपालात टाकून चालत नाही. आणि सगळे कागद एकदमच द्यायचे. थोडे आता, थोडे नंतर असं जमत नाही. मुलीला आज रात्री फोन कराल तेव्हा पत्रांचा आकडा विचारू नका. ती पद्धत नेमकी कशी चालते ते तुम्हाला समजावून सांगायला सांगा आणि ती बोलेल ते लिहून घ्या. निवेदनाचं पहिलं पान त्यातूनच तयार होईल.