डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर: पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

कॅन्सरसाठी निधी जमवायला तुम्ही दोघं इंग्लंडमधली डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही वल्ह्यांच्या बोटींची, रात्रीही चालणारी शर्यत करणार म्हणता. दोघांनीही आजवर वल्हं हातात धरलेलं नाही आणि ईस्टरला थेट १२५ मैल? हरकत नाही. आम्हीही तसेच उतरलो होतो. सध्या एवढंच बघा:

१. बोट वेगवान नको, स्थिर हवी. अरुंद रेसिंग बोट घेऊन दर मैलाला पाण्यात पडणं, ही नवख्यांची ठरलेली चूक.

२. हात कमावताय, पण पायांचं काय? वाटेत ७७ ठिकाणी बोट पाण्याबाहेर काढून, खांद्यावर घेऊन पळायचंय. उतरणं, उचलणं, पळणं, पुन्हा बसणं याचा सराव अंधारातही करा. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि भांडणंही इथेच झाली!

३. काठावरची मदतनीस मंडळी आत्ताच ठरवा. रात्री तीन वाजता गरम सूप आणि कोरडे कपडे देणारा माणूस देवच वाटतो. भूक लागायची वाट न बघता थोडं थोडं खात राहा. हाताला जखम असेल तर झाका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू तिकडच्या पाण्यातही असतात.

लंडनमधल्या टेडिंग्टनच्या पुढे थेम्स नदीला भरती-ओहोटी असते. ओहोटी चुकली तर तिथेच ताटकळावं लागतं. त्याचं गणित नंतर सांगेन, आत्ता डोकं शिणवू नका.

निधीचं म्हणाल तर प्रवेश फी आणि बोटीचा खर्च स्वतःच्या खिशातून करा, आणि तसं देणगीदारांना स्पष्ट सांगा. कॅन्सरसाठी दिलेला पैसा तिकडेच जातोय हे कळलं की लोक हात आखडत नाहीत. पहिला सराव कधी करताय?