वाचकांचे प्रश्न : पाच छायाचित्रकार, एक पुस्तक

प्रश्न : आम्ही गोव्यातील डिचोली-साखळी परिसरातील पाच तरुण छायाचित्रकार आहोत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्यानंतर बदलत गेलेला हा परिसर आम्ही टिपत आलो आहोत. लग्नाच्या ऑर्डरींवर पोट भरते, पण ‘हे आमचे काम’ म्हणून दाखवण्यासारखे हाती काही नाही, म्हणून स्वखर्चाने छायाचित्रांचे पुस्तक काढायचे ठरवले आहे. प्रत्येकाला सोळा पाने द्यावीत, असा विचार आहे. छपाई आणि नोंदणीविषयी मार्गदर्शन करावे. – एक वाचक, डिचोली

उत्तर : समान पानांची वाटणी भांडण टाळायला सोयीची असली, तरी पुस्तकासाठी ती घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे केल्यास एका पुठ्ठ्यात बांधलेल्या पाच पुस्तिका तयार होतील आणि ज्याच्याकडे नऊच चांगली छायाचित्रे आहेत, तोही उरलेल्या पानांत भरताड घालील. त्याऐवजी सर्वांची छायाचित्रे पोस्टकार्डाएवढी, स्वस्तात छापून घ्यावीत, ती नावे न लिहिता जमिनीवर मांडावीत आणि कोणते चित्र कोणाशेजारी बोलके होते, ते सवडीने पाहावे. समजा, एकाने वेली चढलेला खाणीचा ट्रक टिपला आहे आणि दुसऱ्याने घोडेमोडणी (शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या शिमग्यात, लाकडी घोडा कमरेला बांधून होणारे लोकनृत्य) संपल्यावर भिंतीला टेकवून ठेवलेला लाकडी घोडा. ही दोन समोरासमोरच्या पानांवर आली, की पुढच्या शिगम्याला बाहेर पडणारा कोण आणि न पडणारा कोण, हे ओळ न लिहिताही वाचकाला कळते. अंतिम निवड मात्र एकाच्याच हाती द्यावी. तो तुमच्यापैकी नसला तर अधिक बरे. कोणते चित्र कोणाचे, याची यादी शेवटच्या पानावर पुरेशी आहे.

छापण्यापूर्वी खऱ्या आकाराची डमी हाताने बांधून पाहावी. दोन पानांवर पसरलेल्या चित्रातला चेहरा नेमका बांधणीत गडप होतो, हे संगणकाच्या पडद्यावर लक्षात येत नाही. नुसत्या गोंदाने चिकटवलेले पुस्तक सपाट उघडत नाही, म्हणून खर्च थोडा वाढला तरी शिलाईची बांधणी घ्यावी. पाने सोळाच्या पटीत ठेवल्यास कागद वाया जात नाही. ऑफसेटमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, प्लेटचा खर्च आधीच होत असल्याने ते मोठ्या संख्येलाच परवडते. शंभरेक प्रतींसाठी डिजिटल छपाई योग्य. चकाकी नसलेला कागद शाई शोषतो आणि सावल्या काळवंडतात, तेव्हा निवडलेल्या कागदावरच नमुना काढून घ्यावा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची आंतरराष्ट्रीय ओळख पटवणारा क्रमांक, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या अन्य सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयालाही एक द्यावी. स्वतःच्या कल्पनेने काढलेल्या छायाचित्राचा कॉपीराइट ते काढणाऱ्याकडेच असतो. त्यामुळे पुनर्मुद्रण, विक्रीचे पैसे आणि प्रदर्शने यांविषयी पाचही जणांनी आधीच लेखी करार करावा. मैत्री असली तरी करावा.