कंटाळा आला म्हणजे बोअर झालं असं नाही

प्रश्न: ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही वर्षभरापासून लंडनजवळ राहतोय. शेजारच्या आजी रोज संध्याकाळी फिरायला बोलावतात. परवा दिवसभर घर आवरून जीव नको झाला होता म्हणून मी म्हटलं, आय ॲम बोअर्ड टु वॉक विथ यू टुडे. त्यांचा चेहराच पडला, तेव्हापासून बोलावलंच नाही. माझं काय चुकलं? आणि नको असेल तर नीट कसं सांगायचं?
– एक वाचक

उत्तर: अहो, चुकलं ते 'कंटाळा' या शब्दामुळे, आणि ही चूक आपल्यातल्या निम्म्या लोकांची होते. आपण रिकामं बसून वैतागलो तरी कंटाळा येतो आणि समोर भांड्यांचा ढीग असला तरी कंटाळाच येतो, पण इंग्रजीतलं बोअर्ड फक्त पहिल्यासाठी, म्हणजे करायला काही नाही किंवा जे चाललंय ते रटाळ आहे. त्यामुळे आजींना ऐकू आलं की तुझ्यासोबत फिरणं रटाळ आहे. बिचाऱ्या!

दुसऱ्या कंटाळ्याला तिकडे म्हणतात आय कान्ट बी बॉदर्ड. आज स्वयंपाकाचा कंटाळा आलाय = आय कान्ट बी बॉदर्ड टु कुक. ब्रिटनमध्ये हे घरोघरी ऐकाल. याचंच रांगडं रूप म्हणजे कान्ट बी आर्स्ड, ते मित्रमैत्रिणींत ठीक, आजींसमोर नको. पण एक लक्षात ठेवा, बॉदर्डवालं वाक्य आपल्या कामाबद्दल बोलायचं, कुणी प्रेमाने बोलावलं तर त्याला उत्तर म्हणून नाही, नाहीतर पुन्हा तेच, तुमच्यासाठी एवढे कष्ट कोण घेणार असा अर्थ निघतो.

आजींना म्हणायचं होतं, आय डोन्ट रिअली फील लाइक वॉकिंग टुडे. इथे फील लाइकच्या पुढे वॉकिंग येतं, टु वॉक नाही. आणि त्या रिअलीमुळे वाक्य बरंच मऊ होतं. नुसतं आय डोन्ट वॉन्ट टु म्हटलं की हट्टी पोर पाय आपटतंय असं वाटतं. कारण सांगायचं नसेल तर आयड रादर नॉट, हे आपल्या 'नको, राहू दे'च्या जवळचं. आणि एखादी गोष्ट जिवावर आली असेल, म्हणजे डेंटिस्टकडे जाणं वगैरे, तर आय ॲम ड्रेडिंग इट.

अजून एक खड्डा: नॉट अप फॉर इट म्हणजे इच्छा नाही, नॉट अप टु इट म्हणजे अंगात तेवढी ताकद नाही. एका छोट्या शब्दाचा फरक, पण दुसरं म्हणालात तर आजी काळजीने सूप घेऊन दारात हजर :)

चहा किंवा अजून एक बिस्किट नको असेल तर आय ॲम गुड, थँक्स. हे 'कशी आहेस'चं उत्तर नाही, सरळ नकार आहे. मला स्वतःला हे पचायला वेळ लागला, कारण आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कुणी मानतच नाही, दोनदा आग्रह होणारच, तिकडे मात्र एकदा म्हणालात की बिस्किटांचा डबा बंद.

रेन चेक ऐकलं असेलच. हा अमेरिकन बेसबॉलमधला शब्द, 1880 च्या दशकातला, पावसाने सामना बुडाला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी तिकीट चालायचं. म्हणून कॅन आय टेक अ रेन चेक म्हणजे आज नको पण पुढे नक्की. पुढे खरंच यायचं नसेल तर हे म्हणू नका, लोक आठवण करतात. आपलं 'बघू' बरं, त्यात काहीच कबूल केलेलं नसतं.

आता आजींचं. उद्या स्वतःच बेल वाजवा आणि म्हणा, आय मेन्ट आय वॉज टायर्ड, आयड लव्ह टु वॉक टुडे. जाताना डब्यात चार चकल्या न्या.