समाजशास्त्राचं पहिलं वर्ष: एवढं सांभाळ

बी.ए.ला समाजशास्त्र घेतलंस, छान. आधी गाइड बाजूला ठेव. त्यातल्या व्याख्या पाठ होतात, पण उदाहरण विचारलं की पेन अडतं.

प्रत्येक संकल्पनेला वहीत एक पान दे:
- व्याख्या, स्वतःच्या शब्दांत
- विचारवंत
- ओळखीच्या गावातलं उदाहरण. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांची 'प्रभुत्वशाली जात' (गावावर जिचा वरचष्मा असतो ती जात) ही संकल्पना वाचलीस, तर जमीन कुणाकडे, संख्या कुणाची, सरपंच कोण ते बघ.

नेहमीची चूक म्हणजे सगळं माणसाच्या स्वभावावर ढकलणं. १८९७ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने आत्महत्येसारख्या खाजगी वाटणाऱ्या गोष्टीतसुद्धा वेगवेगळ्या समूहांतले दर तपासले. कारण स्वभावात नाही, समाजात शोधायची ती नजर बसायला वेळ लागतो, लागू दे. आणि 'मला वाटतं' हे उत्तर नव्हे. मार्क तिथेच जातात.

जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरचे मूळ ग्रंथ आत्ताच नकोत.