शेर: मापाचा की वजनाचा?

प्रश्न असा आहे: आजीच्या वहीत चकलीच्या भाजणीला ‘तांदूळ १ शेर, हरभरा डाळ १ मापटं, उडीद डाळ १ चिपटं, धणे नवटाक’ असं लिहिलंय. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम धरून बाकीचं त्या हिशेबाने काढू का?

तांदूळ-डाळींसाठी नको. ९३३ ग्रॅमचा तो ८० तोळ्यांचा वजनी शेर, तराजूतला. त्याच नावाचा दुसरा शेर होता, मापी शेर. तो भांड्याचा. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वहीत शेजारी मापटं आणि चिपटं आहे, म्हणजे हा शेर मापीच. धान्य घरच्या कणगीतून यायचं, ते भांड्याने मोजायचं. तोलायचं कारणच नव्हतं. मापी शेर गावागणिक लहानमोठा असे, त्यामुळे त्याचे ठरावीक ग्रॅम सांगता येत नाहीत. आणि गरजही नाही. शेर, मापटं, चिपटं हे चारास दोनास एक असं प्रमाण आहे. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ. आजीने प्रमाण शब्दांतच बांधून ठेवलंय, हे मला फार आवडलं.

धण्यांचं मात्र वेगळं. नवटाक म्हणजे नऊ टाक, आणि टाक हे वजन. ७२ टाकांचा शेर धरला तर नवटाक त्याचा आठवा भाग. मापातला आठवा भाग सांगायचा असता तर आजीकडे ‘कोळवं’ हा शब्द होताच. तिने तो लिहिला नाही, कारण धणे वाण्याकडून तोलून यायचे. ९३३ भागिले ८, म्हणजे साधारण ११७ ग्रॅम. आजही बऱ्याच घरांत किलोभर तांदळाच्या भाजणीला शंभरेक ग्रॅम धणे घालतात, त्याच्याशी हे जुळतं. धणे हलके. २०० मिलीच्या वाटीत तांदूळ १६०-१७० ग्रॅम बसतो, धणे मात्र ७० ग्रॅमच्या आसपास. म्हणून चार वाट्या तांदळाला धणे वाटीभर तरी हवेत. नवटाकाला कोळवं समजून अर्धी वाटी घातलेत तर भाजणी फिकी होईल.

हाच घोळ आज वाटी आणि ग्रॅममध्ये होतो. त्याच २०० मिलीच्या वाटीत साखर तांदळाएवढीच भरते, रवा १४० ग्रॅमच्या जवळपास, कणीक जेमतेम १००. कणीक डब्यात वाटी खुपसून काढली तर दाबली जाते. मी तशी तोलली तेव्हा काटा १२० च्या पुढे गेला, चाळून भरली तेव्हा ९५ वर थांबला. आपली वाटी किती मिलीची हे बघायचं तर काठोकाठ पाणी भरून तेवढं पाणी तोला. जितके ग्रॅम, तितके मिली.

आणखी एक. भांड्याच्या काठावर धान्याचा जो शंकू उभा राहतो, ती शीग. शेवटचे दाणे टाकताना ते कडेने घरंगळायला लागले की शीग पुरी झाली, त्यावर दाणा ठरत नाही. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ म्हणतो ती हीच शीग. शिगेचं माप आणि काठाबरोबर हाताने सपाट केलेलं माप यांत चांगलाच फरक पडतो. तांदूळ सपाट आणि डाळ शिगेची झाली तर प्रमाण बिघडलंच. तेव्हा तिन्ही धान्यं एकाच पद्धतीने भरा, आणि वहीत कुठे ‘शीग लावून’ असं लिहिलंय का तेवढं पाहा.