स्टेम सेल चढवायला तासभर पुरतो, मग रुग्णाला शंभर दिवस रुग्णालयाजवळ का ठेवतात?

आपण लिहिले आहे की आपल्या धाकट्या भावाला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग आहे, केमोथेरपीने तो आटोक्यात आला आहे, आपले एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, त्याच्याशी पूर्ण जुळले आहे आणि आता प्रत्यारोपण ठरले आहे. आपल्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, त्याला देण्याचे काम रक्त चढवण्याइतकेच सोपे असेल, तर महिनाभर एका खोलीत आणि त्यानंतर शंभराव्या दिवसापर्यंत सातारा सोडून पुण्यात का राहायचे, हा आपला प्रश्न. मी प्रत्यारोपण कक्षात परिचारिका आहे. उपचाराचे निर्णय आपले डॉक्टरच घेतील. त्या निर्णयांमागची कारणे मात्र मी सांगू शकते.

पेशी चढवणे हा या उपचारातील सर्वांत सोपा भाग आहे, हे डॉक्टरांनी खरेच सांगितले. त्या दिवसाला शून्य दिवस म्हणतात. त्याआधीच्या आठवड्यात बुसल्फानसारखी जबर मात्रेची औषधे देऊन भावाची स्वतःची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतील रक्त तयार होण्याची जागा, रिकामी केली जाते. आपल्या पेशी त्याच्या रक्तातून हाडांपर्यंत आपली आपण पोहोचतात, पण तिथे रुजून नवे रक्त तयार करायला त्यांना साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. या मधल्या काळात त्याच्याकडे स्वतःच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस दर मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या वर राहिल्या की पेशी रुजल्या असे आम्ही मानतो. तोवर तोंड आणि घसा सोलवटून निघतो, गिळता येत नाही, काही जणांना मॉर्फिन द्यावे लागते. हे सगळे कठीण असले तरी अपेक्षित असते, आणि पेशींचे काउंट वर येऊ लागले की तोंड भराभर बरे होते.

तापाचे तसे नाही. न्यूट्रोफिल नसलेल्या माणसाच्या शरीरात संसर्ग झाला तरी पू होत नाही, सूज फारशी दिसत नाही. पुष्कळदा ताप हेच एकमेव लक्षण असते. म्हणून ताप १०१ अंश फॅरनहाइटला पोहोचला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, की आम्ही कल्चरसाठी, म्हणजे कोणते जंतू आहेत ते शोधण्यासाठी, रक्त घेतो आणि अहवालाची वाट न पाहता तासाभरात प्रतिजैविक सुरू करतो. घरी गेल्यावरही हाच नियम राहतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहणे हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की मी प्रत्येक कुटुंबाला ते पुन्हा पुन्हा सांगते: ताप मोजा, गोळी देऊ नका, फोन करा आणि निघा. साताऱ्याहून मध्यरात्री गाडी शोधून घाट ओलांडून येण्यात जे तास जातात, तेच त्याला महागात पडू शकतात. आपल्याला पुण्यात राहायला सांगण्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण जीव्हीएचडी, म्हणजे आपल्या पेशींनी भावाच्या शरीराला परके समजून त्यावर हल्ला करणे. एचएलए पूर्ण जुळूनही हे होऊ शकते. तीव्र स्वरूपात त्याचा रोख त्वचा, आतडी आणि यकृत यांवर असतो. तळहात-तळपायांवर पुरळ किंवा जळजळ, पाण्यासारखे जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी कळवावे. जुलाब ‘थोडेसे झाले’ असे सांगून भागत नाही. आजाराची पायरी दिवसभरात किती मिलिलिटर झाले यावर ठरते, म्हणून मापाचे भांडे जवळ ठेवावे. लवकर कळले तर स्टेरॉइडने बहुतेकदा आवरता येते, आणि त्याने भागले नाही तर रक्सोलिटिनिबसारखी औषधे आहेत. ही प्रतिक्रिया मुळापासून दाबून टाकणेही आम्हाला नको असते, कारण आपल्या ज्या पेशी त्याच्या शरीराला त्रास देतात, त्याच उरलेल्या ल्युकेमियाच्या पेशींनाही मारतात.

हा तोल सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्यांवर सांभाळला जातो. रक्तातील पातळी कमी झाली तर जीव्हीएचडी डोके वर काढतो, जास्त झाली तर मूत्रपिंडे बिघडतात. पातळीची तपासणी सकाळची गोळी घेण्यापूर्वीच्या रक्तावर करायची असते. कौतुकाने वेळेवर गोळी देऊन मग रुग्णाला तपासणीला आणणारे नातेवाईक आम्हाला नेहमी भेटतात, आणि तो अहवाल निरुपयोगी ठरतो. बुरशीविरोधी औषधांपैकी काहींनी ही पातळी वाढते, म्हणून एक औषध बदलले की दुसऱ्याची मात्राही बदलते. पपनसानेही ती वाढू शकते, तेव्हा गणपतीत कोकणातून आलेले पपनस त्याच्यापासून दूर ठेवावे. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल किंवा काढा तर मुळीच देऊ नये. एक तर आम्ही तीच शक्ती जाणीवपूर्वक आवरून धरलेली असते. शिवाय कोविडच्या काळात गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सीएमव्ही हा विषाणू आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या अंगात सुप्त असतो, म्हणून दर आठवड्याला त्याची पीसीआर तपासणी होते. पाणी उकळलेले आणि अन्न ताजे शिजवलेले असावे. भाड्याने खोली घेताना शेजारी बांधकाम चालू नाही ना, भिंतींना ओल नाही ना, हे पाहावे, कारण तिथली बुरशी फुप्फुसात जाते. लहानपणच्या लसींचे संरक्षण बरेचसे पुसले जाते. काही महिन्यांनी त्या पुन्हा सुरू होतात, आणि गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षे तरी देत नाहीत.

आता आपल्याविषयी. चार-पाच दिवस जी-सीएसएफची, म्हणजे मूळ पेशी मज्जेतून रक्तात आणणारी, इंजेक्शने घेताना कंबर आणि हाडे दुखतील. ते तात्पुरते असते. नंतर यंत्राने पेशी वेगळ्या करायला चार-पाच तास लागतात. रक्तपेढीने भावासाठी रक्तदाते आणायला सांगितले तर मित्रांना पाठवा. आपण किंवा घरातील कोणीही त्याच्यासाठी रक्त देऊ नका, कारण रक्ताच्या नात्यातील रक्त आधीच चढवले गेले तर त्याचे शरीर आपल्या पेशींविरुद्ध तयार होऊ शकते. इतरांचे रक्तही त्याला विकिरण करूनच दिले जाते. आपले रक्तगट वेगळे असतील तर काही महिन्यांनी त्याचा रक्तगट आपला होईल; तेव्हा जुने कार्ड फाईलमधून काढून टाका. आणि प्रत्यारोपणानंतरही आपला फोन नंबर कक्षात नोंदवलेला राहू द्या, कारण आजार परतण्याची चिन्हे दिसली तर आपल्याच लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, पुन्हा मागाव्या लागू शकतात.