उत्तर: हप्ता अडकलाय खरा, पण आधी फुकट आलेल्या किटचं बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगते: ट्रस्टचं महाविद्यालय, सातारा जिल्ह्यातल्या गुहांमधल्या फलाहारी वटवाघळांत विषाणूंचा शोध, पैसा अमेरिकी विद्यापीठाला मिळालेल्या सरकारी अनुदानातला उपहिस्सा, आणि अँटिबॉडी तपासायचं किट सिंगापूरच्या प्रयोगशाळेने फुकट दिलेलं. आता दुसरा हप्ता अडकलाय, स्थानिक वृत्तपत्राने ‘वुहानचा पैसा’ असा मथळा दिलाय आणि प्राचार्यांचं म्हणणं, किट म्हणजे काही अनुदान नव्हे, अहवालातून त्याचा उल्लेखच काढून टाका. काढू का, असं तुम्ही विचारलंय.

काढू नका. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे. मलाही हीच सर्वात महागात पडली, म्हणून बाकीचं सोडून आधी तिच्यावर लिहिते. मी वकील नाही, सीए नाही. नियम २०२० पासून वारंवार बदललेत, त्यामुळे कोणताही अर्ज भरण्याआधी त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना स्वतः उघडून बघा. जाळी, पीपीई, रेबीजची लस, कोल्ड चेन हे तुम्हाला येतंच, ते इथे लिहीत नाही.

किट खोक्यातून येतं, बँकेतून येत नाही. म्हणून ते पैशाच्या फाईलमध्ये कुणी लावतच नाही, ते स्टोअरच्या रजिस्टरात जातं. पण एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशातून येणाऱ्या देणग्यांवरच्या परकीय योगदान नियमन कायद्यात, परकीय योगदानाची व्याख्या फक्त चलनापुरती नाही, ‘वस्तू’ही त्यात आहे. म्हणजे किट हे वस्तुरूपात आलेलं परकीय योगदान आहे आणि वर्षअखेरीच्या एफसी-४ विवरणात त्याची नोंद हवी. हे विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं. आता खोक्यासोबतचं इन्व्हॉइस काढून बघा. त्यावर बहुतेक ‘फक्त कस्टम्ससाठी मूल्य’ असं लिहून दहा-वीस डॉलरचा आकडा टाकलेला असेल. तो आकडा हिशोबात धरू नका. पाठवणाऱ्या प्रयोगशाळेकडून त्यांच्या लेटरहेडवर खऱ्या बाजारमूल्याचं पत्र मागवा आणि त्यावर लॉट नंबर, प्लेटांची संख्या, पाठवल्याची तारीख घ्या. कस्टम्सच्या कागदावर एक किंमत, विवरणात दुसरी आणि शोधनिबंधात ‘भेट मिळालेले रिएजंट’ (चाचणीला लागणारी रसायनं-साहित्य), असे तीन कागद तीन गोष्टी बोलायला लागले की चौकशी तिथूनच सुरू होते.

पुढच्या वेळी साधा उपाय म्हणजे किट विकत घ्या. व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात मालाची किंवा सेवेची किंमत चुकती केली, तर तो व्यवहार परकीय योगदानात मोडत नाही. खरेदी आदेश, बिल, पेमेंटची पावती, झालं. थोडे पैसे जातात, पण डोक्याचा मोठा ताप वाचतो.

मात्र विकत घेतलं तरी सहकार्याचा प्रश्न उरतोच. आरोग्य संशोधनात परदेशी सहभाग असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची मंजुरी लागते, आणि ती समिती फक्त पैसा बघत नाही. किटसोबत आलेला साहित्य हस्तांतरण करार काढा. त्यात कुठेतरी मधल्या पानावर एक वाक्य सापडेल: मिळालेला कच्चा डेटा पुरवठादाराला द्यावा, किंवा निबंधात सहलेखकत्व द्यावं. त्या एका वाक्याने फुकट किटचं सहकार्य होतं. आणि भारतातल्या वटवाघळांवरचे निष्कर्ष परदेशी संस्थेकडे जाणार असतील तर जैवविविधता कायद्याचं कलम ४ समोर येतं, मग राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे विचारणा करावी लागते. सहयोगी प्रकल्पांना कलम ५ मध्ये सूट आहे, पण ती केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या, मान्यता मिळालेल्या प्रकल्पांनाच. नुसत्या एमओयूच्या, म्हणजे सामंजस्य कराराच्या जोरावर ती आपोआप मिळत नाही.

‘एवढ्याशा किटवरून कोण विचारतंय’ असं वाटत असेल तर नागालँडचं प्रकरण आठवा. मिमी गावात वटवाघळांची पारंपरिक शिकार होते. २०१७ मध्ये तिथल्या ८५ शिकाऱ्यांचे आणि दोन जातींच्या वटवाघळांचे नमुने घेतले गेले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये निबंध आला की इबोलाच्या कुळातल्या विषाणूंना प्रतिसाद देणाऱ्या अँटिबॉडी दोन्हींत आहेत. काम बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचं, सोबत सिंगापूरचं ड्यूक-एनयूएस वैद्यकीय महाविद्यालय. लेखकांच्या यादीत वुहानच्या विषाणू संस्थेचे दोघे आणि अर्थसाहाय्यात अमेरिकी संरक्षण खात्याच्या डीटीआरए या संस्थेचं नाव. फेब्रुवारी २०२० मध्ये चौकशीची बातमी देशभर गाजली. संस्थेला जाहीर खुलासा करावा लागला की वुहानला एकही नमुना गेलेला नाही, त्या दोघांची नावं रिएजंट पुरवल्यामुळे आहेत. कळलं ना? सगळ्या गदारोळाच्या मुळाशी रिएजंटच होते. निबंधात नावं छापलेली होती, लपवलेलं काहीच नव्हतं, तरीही एवढं झालं. तुम्ही उल्लेख काढलात आणि कस्टम्सच्या नोंदीत खोकं सापडलं, तर तुमच्या बाजूने बोलायला कुणी उरणार नाही.

हा संशय काही कोविडने आणलेला नाही. मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सलीम अलींच्या नेतृत्वाखाली स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प चालवला. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ताप सापडल्यावर, हा विषाणू उत्तरेकडून पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून आला का, हा त्यामागचा एक रास्त प्रश्न होता. पण पुढे पैसा अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या कार्यक्रमातून येतोय हे बाहेर आलं आणि संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ च्या १६७व्या अहवालात अशा परदेशी सहकार्यांची कठोर झाडाझडती घेतली. त्याच वादात डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं दिल्लीतलं युनिट बंद पडलं आणि सोनीपतचा डास सोडण्याचा प्रयोग ऐनवेळी थांबला. प्रश्न चांगला असला तरी पैसा कुठून आला हे आधी सांगितलं नाही, तर चांगला प्रश्नही त्याबरोबर बुडतो. लोकांना विचारायचा हक्क आहे, असं मी मनापासून मानते. आपण उत्तर देताना चाचरलो, की पुढच्या दहा जणांचं काम अडतं.

आता हप्त्याचं. बँकेला लेखी विचारा की तो नेमका कशामुळे थांबलाय, कारण दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. देणारी संस्था गृहमंत्रालयाच्या पूर्वसंदर्भ यादीत असेल तर प्रत्येक रकमेला मंत्रालयाची मान्यता लागते आणि तिथे तुमच्या हातात फारसं काही नसतं. पण तुम्ही एफसीआरए नोंदणीऐवजी पूर्वपरवानगीच्या (एका ठरावीक कामापुरत्या मंजुरीच्या) मार्गाने गेला असाल आणि रक्कम एक कोटीच्या वर असेल, तर हप्त्यांची अट असू शकते. मग आधीच्या हप्त्यातले ७५ टक्के खर्च झाल्याचा पुरावा आणि प्रत्यक्ष पाहणी झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. बरेच जण इथेच अडकतात. खर्च ६८-७० टक्क्यांवर असतो आणि पत्रं मात्र मंत्रालयाला जात राहतात.

तुमचा पहिला हप्ता कुठे जमा झाला तेही तपासा. परकीय योगदान स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवं. चुकून महाविद्यालयाच्या नेहमीच्या खात्यात आलं असेल तर त्यातला एक रुपयाही हलवू नका, सीएला आजच्या आज गाठा. आणि तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे, ‘त्यातले काही पैसे पुण्याच्या लॅबला सिक्वेन्सिंगसाठी वर्ग केले’. ते वाचून धस्स झालं. सप्टेंबर २०२० पासून परकीय योगदान दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही, तिची एफसीआरए नोंदणी असली तरीही. सिक्वेन्सिंग ही सेवा म्हणून दरपत्रक, कार्यादेश आणि नमुन्यागणिक बिल घेऊन केलेली असेल तर तो खर्च ठरू शकतो. एकरकमी ‘वाटा’ म्हणून दिली असेल तर ते हस्तांतरण. कागद कोणत्या प्रकारचे आहेत ते बघून सीएचं लेखी मत घ्या.

एक जाता जाता: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली आहे. पण मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्या आणि तिचं विश्लेषण करणाऱ्यांचे पगार त्यात धरत नाहीत. तुमची संस्था त्यात बसते का ते सीएला विचारा आणि नेमणूकपत्रात नुसतं ‘प्रोजेक्ट असिस्टंट’ न लिहिता काम नेमकं लिहा. आणि राज्य विद्यापीठाला मिळणारी सूट पाहून फसू नका. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं लेखापरीक्षण सक्तीचं असलेल्या संस्थांना सूट आहे, ट्रस्टच्या महाविद्यालयाला नाही. विद्यापीठाशी संलग्न असल्याने काही फरक पडत नाही.

अमेरिकेकडूनही अडचण असणार. इकोहेल्थ अलायन्स या अमेरिकी संस्थेच्या २०१४ च्या वटवाघूळ-कोरोनाविषाणू अनुदानातून वुहानला जवळपास सहा लाख डॉलर उपहिस्सा म्हणून गेले होते. २०२० मध्ये अनुदान थांबलं, २०२३ मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला, मे २०२४ मध्ये निधी निलंबित झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये संस्थेवर पाच वर्षांची बंदी आली. त्या अहवालात अनुदान देणाऱ्या एनआयएचच्याही (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) चुका काढल्या आहेत. पण इकोहेल्थला भोवलं ते मुख्यतः कागदावरचंच: पाचव्या वर्षाचा अहवाल जवळपास दोन वर्षं उशिरा, आणि एनआयएचने मागितलेल्या वुहानच्या प्रयोगवह्या देता आल्या नाहीत. प्रयोगात बदललेल्या विषाणूची वाढ मूळ विषाणूच्या दहापटीहून जास्त दिसली तर थांबून लगेच कळवायचं, ही अटही वादात होती. त्यानंतर परदेशी उपसंस्थांनी वर्षातून किमान एकदा प्रयोगवह्या आणि डेटा मुख्य संस्थेला उपलब्ध करून द्यायचा नियम आला, आणि मे २०२५ मध्ये एनआयएचने नवे परदेशी उपहिस्से देणंच थांबवून वेगळी रचना जाहीर केली. तेव्हा तुमच्या मुख्य विद्यापीठाला विचारा की त्यांच्याकडून पैसा निघालाय का. नाहीतर इथल्या बँकेवर उगाच राग काढत बसाल. आणि प्रयोगवह्या? पानांना क्रमांक, रोजची सही, आठवड्याला स्कॅन, हे आजपासून.

त्यातही एक पेच आहे. वह्या अमेरिकेला दाखवायच्या तर तो डेटा परदेशी जातो, म्हणजे पुन्हा एचएमएससी आणि जैवविविधता कायदा. त्यामुळे एचएमएससीच्या अर्जातच लिहा की अनुदानाच्या अटीनुसार वर्षातून एकदा वह्यांची प्रत दिली जाईल, त्यात काय असेल आणि काय नसेल.

कार्यालयांबद्दल एकच सांगते, पण कळकळीने. एका कार्यालयातून मला फोनवर सांगितलं होतं, ‘मॅडम, रिएजंटला काही लागत नाही, चालतं.’ पुढे त्याच कार्यालयाने लेखी विचारलं की परवानगी का घेतली नाही, आणि फोनवर कोण बोललं हे कुणालाच आठवत नव्हतं. तोंडी ‘चालतं’ हे उत्तर धरूच नका. फोन ठेवल्या ठेवल्या ईमेल पाठवा: ‘आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार रिएजंटसाठी वेगळ्या मंजुरीची गरज नाही असे समजतो, चुकत असल्यास कळवावे.’ कागदी पत्र दिलंत तर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वनखात्याची परवानगी, मुख्य वन्यजीव रक्षकांची, त्याच फाईलमध्ये लावा. पूर्वी फलाहारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत उंदीर-कावळ्यांबरोबर होती, म्हणून जुनी मंडळी अजूनही ‘त्याला परवानगी कशाला’ म्हणतात. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली.

वृत्तपत्राला उत्तर देताना ‘विषाणू’ आणि ‘अँटिबॉडी’ यांची सरमिसळ होऊ देऊ नका. एलायझा, म्हणजे अँटिबॉडीची चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे त्या प्राण्याला कधीतरी त्या विषाणूचा किंवा त्याच्या एखाद्या नातेवाइकाचा संसर्ग होऊन गेल्याची खूण. विषाणू हाती लागला असा त्याचा अर्थ नाही. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या अँटिबॉडी सापडल्याचं पुण्याच्या एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं तेव्हाही ‘निपाह महाराष्ट्रात’ अशीच हाकाटी झाली होती. ग्रामसभेत सांगताना ‘जुन्या संसर्गाची खूण’ हे शब्द वापरा. आणि गुहेत धूर करू नका, हे पुन्हा पुन्हा सांगा. हुसकावलेली वटवाघळं गावाजवळच्या झाडांवर पांगतात, ताणाखाली विषाणू जास्त बाहेर टाकण्याचा धोकाही असतो. उष्टी फळं फेकायची, बाकीची धुऊन सोलून खायची, एवढं सांगितलं तरी लोकांची भीती बरीच उतरते.

नमुन्यांसाठी: प्रत्येक स्वॅबचे दोन भाग करा, एक गुहेजवळच लायसिस बफरमध्ये निष्क्रिय केलेला, एक द्रवरूप नायट्रोजनच्या ड्राय शिपरमध्ये. पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) पहिल्यावर करायचं. दुसऱ्याला तुमच्या प्रयोगशाळेत हातही लावायचा नाही, जिवंत निपाह वाढवणं हे बीएसएल-४ चं, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेचं काम आहे. तो गोठवलेला भाग कुठे, किती नळ्या, चावी कुणाकडे याची एका पानाची यादी करून ठेवा. पाहणीला येणारा माणूस बहुधा हेच पहिल्यांदा विचारतो.

या आठवड्यात किटच्या बाजारमूल्याच्या पत्राचा ईमेल सिंगापूरला आणि हप्त्याच्या कारणाचं पत्र बँकेला, दोन्ही प्राचार्यांच्या सहीने जाऊ द्या. तुमच्या एकटीच्या सहीने नको. करारातलं ते मधल्या पानावरचं वाक्य सापडलं की नावं झाकून इथे टाका, काय करायचं ते बघू.